वसंतकालीन बास मासेमारी

उत्तर अमेरिकेतील तलाव व जलाशयांत ब्लॅक बास या गोड्या पाण्यातील शिकारी माशांची, त्यांच्या विणीच्या आगेमागे, गळाने केली जाणारी मासेमारी. ती मुख्यतः हौशी आणि स्पर्धात्मक स्वरूपाची असून जिवंत आमिषापेक्षा कृत्रिम आमिषांवर अधिक अवलंबून असते. लार्जमाउथ बास आणि स्मॉलमाउथ बास या यातील दोन प्रमुख जाती. दोन्हींचा वंश मायक्रोप्टेरस, कुल सेंट्रार्किडी म्हणजे सनफिशांचे. ‘बास’ म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या समुद्री माशांशी त्यांचे जवळचे नाते नाही. लार्जमाउथला दीर्घकाळ मा. सॅल्मॉइडिस म्हटले जाई. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानंतर ते नाव फ्लोरिडा बासकडे गेले आणि लार्जमाउथसाठी मा. निग्रिकन्स हे नाव पुढे आले. फ्लोरिडा बास अधिक मोठा होत असल्याने जुन्या ग्रंथांतील वाढीचे व वजनाचे आकडे नेमक्या कोणत्या जातीचे आहेत, हे तपासूनच वापरावेत.

वर्तन : हिवाळ्यात खोल पाण्यात मंदावलेले मासे पाणी ७° ते १०° से. झाले की उथळ भागाकडे सरकू लागतात. वाटेत ते उंचवट्यांच्या कडा, बुडालेले ओढे, पाणवनस्पतींच्या बाह्य सीमा अशा ठिकाणी थांबत थांबत पुढे जातात. या विणीपूर्व टप्प्यात माद्या भरपूर खातात व अंड्यांमुळे सर्वांत जड असतात. लार्जमाउथची वीण साधारण १५° ते २४° से. या मर्यादेत होते. स्मॉलमाउथ किंचित थंड पाण्यातही सुरुवात करतो. नर शेपटीने गाळ झटकून वाळू-खडीच्या टणक तळावर बशीसारखा खळगा करतो. खळगा बहुधा दीड मीटरच्या आतच असतो, पण पाणी स्वच्छ असेल तर याहून खोलही आढळतो. मादी अंडी घालून निघून जाते. अंडी आणि नंतर पिल्लांचा थवा राखण्याचे काम नराचे, आणि या काळात तो फारसे खात नाही. खळग्याजवळ आलेल्या आमिषावर तो तुटून पडतो तो मुख्यतः राखणीपोटी, भुकेपोटी नव्हे. पुढे येणाऱ्या वादाचे मूळ यातच आहे.

विणीची वेळ कशाने ठरते याबद्दल मतभेद आहेत. दिवस मोठा होऊ लागला की अंडाशय पक्व होऊ लागतात आणि पाण्याचे तापमान नेमका मुहूर्त ठरवते, हे मत जीवशास्त्रज्ञांत सर्वसाधारणपणे मान्य आहे. अनेक अनुभवी गळकरी मात्र पौर्णिमेला महत्त्व देतात आणि विणीची पहिली मोठी लाट पौर्णिमेच्या सुमारास येते असे सांगतात. एकाच तलावातील वीण काही आठवडे लाटालाटांनी चालते, त्यामुळे त्या काळात एखादी पौर्णिमा सापडणारच. तापमानाचा पुरावा त्या मानाने भक्कम दिसतो. अक्षांशांनुसार पडणारा फरकही त्याच बाजूला झुकतो. दक्षिण फ्लोरिडात वीण जानेवारीच्या आसपासच सुरू होते, तर मिनेसोटा व ऑंटॅरिओत ती मे-जूनपर्यंत लांबते. म्हणून ‘वसंत’ हा शब्द येथे पंचांगाचा नव्हे, तापमापकाचा समजावा.

एकाच तलावातही सर्व काठ एकदम तापत नाहीत. उत्तरेकडील काठ दक्षिणेच्या उन्हाला सामोरा असतो आणि थंड उत्तरी वाऱ्यापासून आडोशाला असतो, त्यामुळे तेथील उथळ आखाते आधी तापतात. गडद चिखलाचा तळ आणि काठाचे दगडी पिचिंगही उष्णता लवकर धरतात. थंड हवेची लाट आली की उथळ पाण्यात आलेले मासे लगतच्या खोल कडेशी परततात किंवा दाट वनस्पतींत निपचित बसतात. लाट ओसरल्यावरचे निरभ्र, स्तब्ध दिवस गळकऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत अवघड मानले जातात.

आमिषे : पाणी थंड असेपर्यंत पाण्यात अधांतरी थांबणारी जर्कबेट, म्हणजे झटके देऊन चालवायची माशाच्या आकाराची आमिषे, वापरतात. दोन झटके देऊन ती बराच वेळ स्थिर ठेवतात. मासा बहुधा या थांब्यातच घेतो. वनस्पतींच्या शेंड्यांवरून पुढची जीभ (पाण्यात बुडवणारी पट्टी) नसलेला, खुळखुळणारा क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराचे कडक आमिष, ओढणे आणि तो अडकला की झटक्याने मोकळा करणे ही टेक्सस व अलाबामातील जलाशयांवरची रूढ पद्धत आहे. तेथे लाल रंगाला मागणी असते, कारण तो या सुमारास हालचाल करू लागणाऱ्या क्रेफिशचा (गोड्या पाण्यातील झिंग्यासारख्या जीवाचा) मानला जातो. १२° से.च्या वर स्पिनरबेट (फिरत्या धातूच्या पात्यांचे आमिष), पात्याचे जिग (गळावर वजनदार डोके ओतलेले आमिष) आणि स्विमबेट (पोहणाऱ्या माशासारखे आमिष) चालतात. विणीत मऊ प्लॅस्टिकचे किडे, सरडे, ट्यूब (पोकळ नळ्या) संथपणे तळावर टेकवतात. वीण संपता संपता पृष्ठभागावरची आमिषे आणि पोकळ कृत्रिम बेडूक पुढे येतात. गळाचे टोक मऊ प्लॅस्टिकमध्ये दडवून पुढे बंदुकीच्या गोळीसारखे वजन लावण्याची टेक्सस जोडणी गवतात अडकत नाही, म्हणून ती बारमाही आहे.

रंगांविषयीची मते अनुभवावर उभी आहेत. २०१८ च्या सुमाराच्या दृष्टिविषयक प्रयोगांनुसार लार्जमाउथच्या डोळ्यात हिरव्या व लाल प्रकाशाला संवेदनशील अशा दोनच प्रकारच्या शंकुपेशी (रंग ओळखणाऱ्या पेशी) असतात. लाल आणि हिरवा तो चांगला ओळखतो. पोपटी-पिवळा व पांढरा, तसेच निळा व काळा यांत मात्र त्याची गफलत होते. खोक्यात या चारही रंगांचा साठा बाळगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

कृत्रिम आमिषाचा उगम : हा भाग दंतकथांनी भरलेला आहे. मिशिगनमधील डोवाजियॅक येथे मधमाश्या पाळणारे व वृत्तपत्र चालवणारे जेम्स हेडन एकदा चाकूने लाकूड तासत बसले होते. हातातील तुकडा त्यांनी तळ्यात भिरकावला, त्यावर बास झेपावला आणि त्यातून लाकडी आमिष सुचले, असे सांगतात. त्यांनी कोरलेले लाकडी बेडूक आज संग्राहकांकडे आहेत, त्यामुळे कथेला काही आधार आहेच. मात्र प्रसंगाचे वर्ष सर्वत्र एकच दिले जात नाही: हेडन कंपनी आपला प्रारंभ १८९४ पासून मोजत असे, तर तळ्याचा प्रसंग बहुतेक जण १८९८ च्या सुमाराचा सांगतात. कागदोपत्री आधार १९०२ च्या पेटंटाला आहे आणि व्यापारी उत्पादनासाठी तेच वर्ष धरणे सुरक्षित.

हेडन ‘पहिले’ हे विधान मात्र टिकत नाही. ज्युलिओ ब्यूएल यांनी चमच्याच्या आकाराच्या धातूच्या आमिषाचे पेटंट १८५२ मध्येच घेतले होते. जेवताना हातातून पाण्यात पडलेल्या चमच्यावर मासा झेपावल्याची त्यांच्याबद्दलची कथा हेडन यांच्या कथेशी इतकी मिळतीजुळती आहे की दोन्हींकडे सावधपणेच पाहावे. हेडन यांचे श्रेय, काठीने दूर फेकण्याजोगे लाकडी आमिष मोठ्या बाजारात नेण्याचे. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ मध्ये बनवलेल्या हलक्या तरंगत्या माशात आजच्या जर्कबेटचे मूळ पाहता येते, आणि ओहायोतील ॲक्रनच्या निक क्रीम यांच्या १९४९ मधील प्लॅस्टिक किड्याने वसंतातील मंद मासेमारीचे स्वरूपच पालटले.

साधने : बहुपटी रिळाचा (मुठीच्या एका फेऱ्यात दोरीची फिरकी अनेकदा फिरवणाऱ्या रिळाचा) उगम केंटकीतील पॅरिस गावचे घड्याळजी जॉर्ज स्नायडर यांच्याकडे नेला जातो. काळ १८१० ते १८२० यांदरम्यान निरनिराळा दिला जातो. हे रीळ त्यांनी विक्रीपेक्षा स्वतःसाठी व मित्रांसाठी बनवले असावे, म्हणून नेमक्या वर्षाचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. फेकताना फिरकी दोरीपेक्षा वेगाने फिरल्यास होणारा गुंता या रिळाचा जुना दोष आहे. याच प्रकारच्या आजच्या बेटकास्टिंग रिळांत चुंबकीय किंवा केंद्रोत्सारी ब्रेक असूनही अंगठ्याचा दाब शिकावा लागतोच. साधारण दोन ते सव्वादोन मीटरची, मध्यम-जड काठी बहुतेक कामांना पुरते. हलक्या आमिषांसाठी स्पिनिंग रीळ (फेकताना फिरकी स्थिर राहणारे) सोयीचे. दोरीत फ्लुओरोकार्बन नायलॉनपेक्षा घन असल्याने बुडते, म्हणून तळावरच्या आमिषांना ती योग्य. पृष्ठभागावर नायलॉन किंवा वेणीची दोरी. वजनांसाठी शिशाऐवजी टंगस्टन वाढत आहे, कारण गिळलेल्या शिशाने लून हे पाणपक्षी दगावतात.

खळग्यावरील मासेमारीचा वाद : स्वच्छ पाण्यात नर दिसत असताना त्याच्यापुढे आमिष टाकणे कायद्याने अनेक ठिकाणी चालते, तरी त्यावर एकमत नाही. मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले, की राखण करणारा नर पकडून परत सोडला तरी तो दूर असलेल्या वेळात ब्लूगिलसारखे मासे अंडी-पिल्ले खातात आणि काही नर घरटे सोडून देतात. संपूर्ण तलावातील माशांच्या संख्येवर याचा परिणाम होतो का, हा प्रश्न वेगळा. मोजके यशस्वी खळगेही पुरेशी पिल्ले देऊ शकतात, असे दक्षिणेकडील व्यवस्थापक म्हणतात व बहुतेक दक्षिणी राज्यांत बंदीकाळ नाही. उत्तरेत उन्हाळा छोटा आणि विणीची संधी थोडी. दक्षिण ऑंटॅरिओच्या बहुतेक भागांत हंगाम जूनच्या उत्तरार्धातच उघडतो. ही सावधगिरी तेथील परिस्थितीला धरून दिसते. इलिनॉयमधील रिज लेक येथील दीर्घ प्रयोगातून गळाला सहज लागण्याची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असल्याचेही आढळले.

रे स्कॉट यांनी १९६७ मध्ये आर्कान्सासच्या बीव्हर लेकवर भरवलेल्या स्पर्धेपासून आधुनिक बास स्पर्धांची परंपरा मोजतात. मासे जिवंत परत सोडण्याची प्रथा त्यांनी १९७२ पासून रुजवली. वजनासाठी मासा मैलोन्मैल नेला जात असल्याने वसंतातील स्पर्धांत वरचा वाद पुन्हा उभा राहतो. टेक्सस राज्य १९८६ पासून विणीच्या काळातील १३ पौंड वा त्याहून जड मासे तात्पुरते घेऊन त्यांची पैदास करते.

विक्रम : वसंत हा सर्वांत मोठ्या माशांचा काळ असा समज दृढ आहे, पण दोन्ही जागतिक विक्रम त्याला साथ देत नाहीत. जॉर्ज पेरी यांचा २२ पौंड ४ औंसांचा मासा जॉर्जियातील मॉन्टगोमेरी लेकमधून २ जून १९३२ रोजी, तर त्याची बरोबरी मानला गेलेला मानाबू कुरिता यांचा मासा जपानच्या बिवा सरोवरातून २ जुलै २००९ रोजी मिळाला. कुरिता यांचा मासा किंचित जड होता, मात्र विक्रम मोडण्यासाठी लागणारा दोन औंसांचा फरक भरला नाही.

अन्यत्र : जपानात बास १९२५ मध्ये आशी सरोवरात आणला गेला, तेथे आता तो उपद्रवी परकी जात ठरला असून बिवा सरोवरात पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडण्यास मनाई आहे. दक्षिण आफ्रिकेत तो १९२८ मध्ये पोहोचला. दक्षिण गोलार्धातील वसंत सप्टेंबर ते नोव्हेंबर असल्याने अमेरिकी महिनावार तक्ते तेथे उपयोगाचे नाहीत. तापमानाचे तक्ते चालतात, मात्र आधी तापणारा काठ तेथे दक्षिणेकडचा असतो.