धूर वरच जातो, मग आपण गच्चीवर कशाला पळायचं?

14 ते 20 एप्रिल हा आपल्याकडे अग्निशमन सप्ताह असतो. 1944 साली 14 एप्रिललाच मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला होता, त्यात गेलेल्या अग्निशमन जवानांच्या आठवणीत हा पाळतात. यंदा त्या निमित्तानं नागपूरच्या मनीषनगरातल्या एका दहा मजली सोसायटीनं फायर प्लॅन बनवला आणि लॅमिनेट करून लिफ्टशेजारी लावला. मेहनत घेतली होती लोकांनी, प्रत्येक मजल्याचा नकाशा होता, फोन नंबर होते. पण बाण बघितले आणि मी थांबलोच, पहिला ते पाचवा मजला खाली, सहावा ते दहावा मजला गच्चीवर! असं काहून म्हटलं तर सेक्रेटरी काका म्हणाले, "वरच्यांना गच्ची जवळ पडते ना भाऊ, एवढे जिने कोण उतरणार."

हा समज खूप लोकांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे आणि तो जीवघेणा आहे, म्हणून हा लेख.

आगीत बहुतेक माणसं भाजून जात नाहीत, धुरानं जातात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला गरगरतं, पाय उचलत नाहीत आणि मग शुद्ध जाते. दिल्लीच्या उपहार सिनेमात 13 जून 1997 ला 59 लोक गेले. आग होती तळमजल्यावरच्या पार्किंगमधल्या ट्रान्सफॉर्मरला आणि माणसं गुदमरली वर बाल्कनीत. 1980 मध्ये लास वेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात 85 लोक गेले, तिथेही आग खालच्या कॅसिनोत आणि बहुतेक मृत्यू वरच्या मजल्यांवर धुरानं झाले. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. मग खालचा धूर एवढ्या वर कसा गेला? जिन्यानं, लिफ्टच्या शाफ्टमधून आणि डक्टमधून.

आता माझा आवडता भाग, थोडी आकडेमोड आहे पण सोडून देऊ नका.

वीटभट्टीची चिमणी उंच का बांधतात? आतली गरम हवा हलकी, बाहेरची थंड हवा जड, आणि उंची जितकी जास्त तितका दोन्हींच्या वजनातला फरक जास्त, म्हणून ओढ जास्त. बिल्डिंगचा जिना हीच चिमणी आहे, फक्त आपण तिला पायऱ्या लावल्यात. नागपूरची मे महिन्यातली दुपार घ्या, बाहेर 45 अंश. त्या हवेचं वजन घनमीटरला साधारण 1.11 किलो. जिन्यात 150 अंशाचा धूर भरला तर त्याचं वजन 0.83 किलोच्या आसपास. हा फरक गुणिले गुरुत्वाकर्षण केलं की दर मीटर उंचीला 2.7 पास्कल दाब मिळतो. दहा मजले म्हणजे 30 मीटर धरा, एकूण 80 पास्कल. पास्कल म्हणजे फार काही नाही असं वाटतं, पण जिन्याचं दार 2 चौरस मीटरचं असतं, त्याच्यावर 40 पास्कल जरी पडले तरी 8 किलोचा धक्का झाला, आणि दाराच्या फटीतून धूर सेकंदाला काही मीटर वेगानं आत घुसतो.

40 का, 80 का नाही? कारण हा दाब वरखाली वाटला जातो. जिन्याला वर आणि खाली सारख्याच फटी असतील तर मधोमध एक पातळी अशी येते जिथे आतला आणि बाहेरचा दाब सारखा असतो, तिला न्यूट्रल प्लेन म्हणतात. तिच्या खालच्या मजल्यांवर हवा जिन्याकडे ओढली जाते, म्हणजे तिसऱ्या मजल्याचा पॅसेज बऱ्यापैकी स्वच्छ राहू शकतो, आणि तिच्या वरच्या मजल्यांवर जिन्यातला धूर बाहेर ढकलला जातो, म्हणजे नवव्या मजल्यावरच्या काकूंच्या दाराखालून धूर येतो आणि त्यांना वाटतं आग आपल्याच मजल्यावर लागली. शिवाय ही पातळी हलते, जिकडे मोठं दार उघडं तिकडे ती सरकते. खालचं गेट सताड उघडं आणि गच्चीला कुलूप, म्हणजे पातळी खाली आली आणि जवळपास सगळे मजले धुराच्या बाजूला गेले. आपल्याकडे नेमकं हेच असतं, चोरीच्या आणि पोरांच्या भीतीनं गच्चीला कुलूप आणि चावी वॉचमनकडे. वर पळालेली माणसं त्या कुलपापाशी उभी राहतात, जिन्यातल्या सगळ्यात घट्ट धुरात.

एक गंमत सांगतो, शांत दिवशी उन्हाळ्यात नागपुरात हे उलटं चालतं. बाहेर 45, जिन्यात सावली म्हणून 35, तर आतली हवा जड, ती खाली उतरते, पण ओढ जेमतेम मीटरला पाव-अर्धा पास्कल. त्यामुळे आग छोटी आणि धूर कोमट असला तर तो आधी खालीच रेंगाळू शकतो आणि वरच्यांना काही कळतच नाही. तापला की मात्र सुटतो. म्हणून "अजून वास नाही आला, थांबू जरा" हा हिशेब चुकीचा आहे.

म्हणजे प्लॅन काढताना सुरुवात माणसांच्या बाणांनी करूच नका, आधी धुराचे बाण काढा. पार्किंगमध्ये जिन्याखाली मीटर बॉक्स आहे, त्याच्या बाजूलाच ई-स्कूटर चार्जिंगला लागते, तिथून धूर निघाला तर तो कुठे जाईल? मग प्रत्येक मजल्यावर जिन्याचं दार बघा. त्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर फायर डोअर (आग आणि धूर अडवणारं जिन्याचं दार) सुतळीनं रेलिंगला बांधलेलं होतं, हवा यायला पाहिजे म्हणून, आणि दार आपोआप लावणारा डोअर क्लोजर बिचारा ताणून ताणून तेल गळून बसला होता. ते एक दार उघडं असलं की चौथा मजला आणि जिना एकच खोली झाली. दार बंद ठेवणं हा अख्ख्या प्लॅनमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा भाग आहे.

दुसरं, कूलर. आपला खिडकीतला कूलर बाहेरची हवा ओढून घरात ढकलतो. बिल्डिंगच्या अंगाला धूर चढत असेल तर तो थेट धूर ओढेल, आणि आग घरातच असेल तर तिला हवा पुरवेल, म्हणून बटण आधी बंद. आणि स्टँडवर बसवलेल्या कूलरनं ती खिडकी चार महिने बंद केलेली असते, जिच्यातून तुम्हाला हात दाखवून मदत मागायची असते. बाहेरच्या बाजूची एक तरी खिडकी मोकळी ठेवा, ग्रिलला उघडणारा भाग असेल तर चावी तिथेच खिळ्याला.

आता माणसांचे बाण. जिना स्वच्छ असेल तर सगळ्यांनी खाली, लिफ्ट नाही. जिन्यात धूर दिसला तर त्यात शिरायचंच नाही, दुसरा जिना असेल तर तिकडून, नसेल तर घरात परत, दार लावा, फटीत ओले टॉवेल कोंबा, रस्त्याकडच्या खिडकीशी जा, 101 ला फोन करून मजला आणि फ्लॅट नंबर सांगा. उंच बिल्डिंगमध्ये रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा, असतो तो याचसाठी, तिथे जुने सोफे आणि सायकली ठेवू नका. ओला रुमाल नाकाला लावला की धुरातून जाता येतं असं व्हॉट्सअपवर फिरतं. रुमाल काजळी अडवतो, कार्बन मोनॉक्साइडचा रेणू अडवत नाही. आणि वास्तूवाले म्हणतात मीटर रूम आग्नेय कोपऱ्यात असली की आगीचं भय नाही. आग्नेय कोपरा जिन्याखाली येत असेल तर तेवढीच भयंकर जागा दुसरी नाही, लूज कनेक्शनला दिशा कळत नाही.

खाली उतरल्यावर जमायची जागा गेटच्या आत नको, बंबाला तिथूनच वळायचं असतं. महाल-इतवारीच्या अरुंद गल्लीत तर कोपऱ्यापर्यंत जावं लागेल. आणि तिथे यादी घेऊन उभं राहायला एक माणूस ठरवा, कोण उतरलं कोण राहिलं हे जवानांना तोच सांगेल. गुडघ्यानं अधू, ऑक्सिजनवर असलेले, एकटे राहणारे म्हातारे यांचे फ्लॅट नंबर त्या यादीत आधी लिहा, आणि कोण कोणाला घेऊन उतरेल तेही.

महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली लायसन्सधारक एजन्सीकडून तपासणी करून जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, भरायचा असतो. पुढची तपासणी होईल तेव्हा कमिटीनं सोबत फिरावं, पंप चालू करून वरच्या मजल्यावर नळीला पाणी येतं का बघावं, आणि त्याच फेरीत प्रत्येक मजल्याचं दार हातानं सोडून बघावं, ते आपोआप पूर्ण लागतं का.