सांजेची भरती

मावळत्या सूर्याच्या उजेडात कांदळवनातून कयाक वल्हवण्याचा बेत आम्ही चौघांनी पहिल्यांदा आखला तो पौष पौर्णिमेचा होता. मालवण तालुक्यातील त्या खाडीच्या एका बाजूला सूर्य मावळत असताना दुसऱ्या बाजूने चंद्र उगवेल, एवढाच आमचा हिशेब होता. आकाशापुरता तो बिनचूक ठरला. खाडीने मात्र तो मानला नाही. पाच वाजता निघालो तेव्हा मुख्य प्रवाहात जेमतेम हातभर पाणी होते. झाडीत शिरणाऱ्या ओहोळाच्या तोंडाशी कयाकचे तळ चिखलाला टेकले आणि पुढचा पाऊण तास आम्ही गुडघाभर गाळात उभे राहून होड्या ओढत राहिलो. सहल ठरवून देणाऱ्याने आमची तारीख काहीही न बोलता वहीत लिहून घेतली होती. काठावर जाळे सारखे करीत बसलेल्या एका काकांनी मात्र मान वर न करता सांगितले, “पुनवेक सांजचा पाणी नसता, अष्टमीक येवा.”

काकांच्या या एका वाक्यात भरती-ओहोटीचे जे शास्त्र आहे ते समजून घेतल्याशिवाय कोकणातल्या कोणत्याही खाडीत संध्याकाळची फेरी ठरवू नये, असे माझे मत त्या चिखलात पक्के झाले. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला हाच हिशेब सव्वाअकरावर नेतो, आणि प्रत्यक्षातही त्या दिवशी भरती अकरा-बाराच्या आसपास, दुपारी आणि पुन्हा मध्यरात्री, असते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. तेव्हा पौर्णिमेच्या सूर्यास्ताला खाडी रिकामी होत असते, आणि तीही उधाणाच्या ओहोटीने, म्हणजे नेहमीपेक्षा जास्तच.

याच्या मुळाशी एक सुंदर वजाबाकी आहे. समुद्राच्या पाण्याला चंद्र जसा ओढतो तसा सूर्यही ओढतो. सूर्य फार दूर असल्यामुळे त्याचे भरती आणणारे बल चंद्राच्या सुमारे ४६ टक्के भरते. या दोन ओढींमुळे येणाऱ्या भरत्या वेगवेगळ्या समजून पाहिल्या तर सूर्याची भरती घड्याळ पाळते: कोकण किनाऱ्यावर ती रोज बाराच्या मागेपुढे येते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास तिची ओहोटी असते. चंद्राची भरती मात्र तिथी पाळते आणि रोज सुमारे ५० मिनिटांनी उशिरा येते. दोन्ही भरत्या एकाच वेळी आल्या की त्यांची बेरीज होऊन उधाण येते, आणि म्हणूनच उधाणाची भरती येथे नेहमी दुपारी किंवा मध्यरात्री येते. सूर्यास्ताला भरती हवी असेल तर चंद्राची भरती सूर्याच्या ओहोटीवर पडावी लागते. तेव्हा एकातून दुसरी वजा होते आणि वाट्याला येते ती भांगाची, लहान भरती. थोडक्यात, आपल्या किनाऱ्यावर सांजेची भरती ही साधारणतः भांगाचीच असायची. दुसऱ्या देशाच्या किनाऱ्यावर समुद्राचा तळ आणि किनाऱ्याची ठेवण निराळी असल्याने सूर्याच्या भरतीची ही वेळही निराळी असते. तेथे पाऊणपटीचा हिशेब लागू पडत नाही.

हौशी वल्हेकऱ्याच्या दृष्टीने ही वजाबाकी सोयीचीच आहे. मुंबईला मोठ्या उधाणात भरती आणि ओहोटीच्या पातळीत पाच मीटरच्या जवळपास फरक पडतो. दक्षिणेकडे तो कमी होत जाऊन सिंधुदुर्गात साधारण निम्म्यावर येतो, आणि भांगाच्या दिवसांत त्याहूनही पुष्कळ घटतो. पाणी चढते तेही एकसारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा वाटे केले तर सहा तासांत अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन आणि एक वाटा पाणी वाढते, असा दर्यावर्दी लोकांचा ठोकताळा आहे. त्यानुसार मधल्या दोन तासांत निम्मे पाणी आत येते आणि ओढ सर्वांत जोरात असते. त्यामुळे जाणता वाटाड्या भरती पूर्ण होण्याच्या तास-दीड तास आधी निघतो, मंदावत्या पाण्याबरोबर आत जातो, पाणी थांबते तेव्हा वळतो आणि सुकती, म्हणजे ओहोटी, लागताच तिच्याच आधाराने परत येतो. कयाकला पाण्याची खोली वीतभर मिळाली तरी पुरते. मात्र अरुंद ओहोळात सुकती लागल्यावर रेंगाळणाऱ्याला ती वीतसुद्धा मिळत नाही.

तीन आठवड्यांनी, माघ शुक्ल अष्टमीला, आम्ही पुन्हा त्याच खाडीवर गेलो. आमच्याबरोबर आलेल्या वाटाड्या दादांनी प्रथम धक्क्याच्या पायऱ्या पाहिल्या. पाणी तिसऱ्या पायरीच्या खाली होते. प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहिल्यावरच त्यांनी आम्हाला पाण्यात सोडले. दुपारभर समुद्राकडून वाहणारे खारे वारे तोवर मंदावले होते. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. रात्री जमीन लवकर निवते आणि उलट दिशेने मतलई वारे सुटतात. एक वारा थांबून दुसरा सुरू होईपर्यंतचा जो निवांत काळ असतो तो बहुधा सूर्यास्ताच्या आसपास येतो, आणि खाडीचे पाणी त्या वेळी तेलासारखे स्थिर होते. एवढी शांतता मोटारच्या होडीला लाभत नाही, कारण तिचा आवाज आणि तिच्या लाटा तिच्याबरोबरच येतात. त्या लाटांनी काठचा गाळ ढासळतो, ही त्यातली आणखी वाईट गोष्ट.

काठाला लागताच प्रथम दिसली ती तिवरांची मुळे. झाडाच्या भोवती चिखलातून पेन्सिलीएवढ्या मुळांचे शेकडो कोंब सरळ वर आलेले असतात; दोन-तीन मीटर उंचीच्या एका तिवरालाही अशी दहा हजारांहून अधिक मुळे असू शकतात. खाडीच्या गाळात वरच्या पातळ थराखाली प्राणवायू जवळजवळ नसतो. तेथे राहणारे जिवाणू श्वसनासाठी समुद्राच्या पाण्यातील सल्फेट वापरतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. ज्याला आपण खाडीचा वास म्हणून नाक मुरडतो तो हाच. अशा गाळात रुजलेल्या मुळांना हवा पोहोचवण्याचे काम ही श्वसनमुळे करतात. त्यांच्या सालीवर बारीक वातरंध्रे असतात, आणि आतला गाभा स्पंजासारखा पोकळ असतो.

ही हवा आत कशी जाते, याचा उलगडा शास्त्रज्ञ पर शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केला, आणि तो मला कांदळवनाविषयीच्या सगळ्या माहितीत सर्वांत मोहक वाटतो. भरतीचे पाणी चढून वातरंध्रे बुडाली की त्यांतून पाणी आत शिरत नाही, पण हवेचीही ये-जा थांबते. मुळांतील पेशी आत साठलेला प्राणवायू वापरत राहतात. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळून जातो, त्यामुळे मुळातील वायूचा दाब कमी होत जातो. ओहोटीला मुळाचे टोक उघडे पडले की बाहेरची हवा त्या कमी दाबाकडे आपोआप ओढली जाते. म्हणजे समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि उतरतो, आणि त्याच्याबरोबर झाड दीर्घ श्वास घेते. भांगाच्या भरतीत काठची मुळे बुडतात, पण थोडी आतली मुळे डोके वर काढून असतात. आम्ही ज्या ओहोळातून जात होतो तेथे ही हद्द एका वल्ह्याच्या अंतरात दिसत होती.

दादांनी तिवराची एक फांदी न तोडता खाली वाकवली आणि पानाच्या पाठीवरून नव्हे, वरच्या अंगावरून बोट फिरवून ते चाखायला सांगितले. जिभेला स्वच्छ मीठ लागले. उन्हात पान धरले तर मिठाचे कण चमकतानाही दिसतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि तिवर त्यातले जे काही आत येते ते पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकतो. शेजारी कमानीसारख्या मुळांवर उभा असलेला कांदळ वेगळ्या रीतीने वागतो: तो ९० टक्क्यांहून अधिक क्षार मुळाशीच अडवतो. समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या कारखान्यात पाणी पडद्यातून पलीकडे नेण्यासाठी पंपाने प्रचंड दाब द्यावा लागतो. कांदळ तेवढी ओढ पानांतून उडून जाणाऱ्या बाष्पाच्या जोरावर निर्माण करतो, तीही वीजबिलाविना. कांदळाच्या फांद्यांना हिरव्या शेंगांसारखे जे लांबट दांडे लोंबत असतात त्या शेंगा नसून रोपे आहेत. बी झाडावर असतानाच रुजते, अर्धा मीटरपर्यंत वाढते आणि मग खाली पडते. ओहोटी असेल तर चिखलात रुतते, भरती असेल तर दूरवर तरंगत जाते.

कांदळाच्या मुळांना कालवांचे थर चिकटलेले होते. त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार असल्याने मुळे धरून होडी थांबवू नये, हे दादांनी दोनदा बजावले. गेवा नावाचे झाडही त्यांनी लांबूनच दाखवले; त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास मोठी इजा होते. चिखलाच्या उतारावर निवट्या उड्या मारत होत्या. हा मासा ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या पोकळीच्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेतो, त्यामुळे पाण्याबाहेर तो बराच वेळ मजेत असतो, आणि भरती चढू लागली की पाण्यापुढे सरकत काठावर येतो. वल्ही आडवी ठेवून आम्ही गप्प बसलो तेव्हा कयाकच्या तळाशी कढईत लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज येऊ लागला. हा पिस्तूल कोळंबीचा उद्योग. ती आपली मोठी नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्याच्या झोताबरोबर एक बुडबुडा तयार होतो, आणि आवाज येतो तो नांगी आपटल्याचा नसून हा बुडबुडा मिटल्याचा, असे २००० साली अतिवेगवान चित्रणातून सिद्ध झाले.

साडेसहाच्या सुमारास सूर्य पाण्याला टेकला. खरे तर आपण पाहतो तेव्हा तो क्षितिजाखाली गेलेलाच असतो. वातावरणात प्रकाश वाकत असल्यामुळे त्याची प्रतिमा जवळजवळ तिच्या स्वतःच्या व्यासाइतकी वर उचललेली दिसते. आपल्या अक्षांशावर सूर्य बराचसा सरळ खाली उतरतो, म्हणून सूर्यास्तानंतर कामापुरता उजेड राहतो तो जेमतेम २२ मिनिटे. तेवढ्यात वनातील पाळी बदलली. बगळे रांगांनी झाडांवर उतरू लागले आणि दिवसभर झोपलेले रातबगळे ‘वॅक’ असा एकेक हुंकार देत बाहेर पडले. काठच्या पांढऱ्या चिप्पीच्या कळ्या याच वेळी उमलत होत्या. महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्ष म्हणून निवडलेले हे झाड रात्रीचे व्यापारी आहे: पांढऱ्या पुंकेसरांचा दाट झुपका संध्याकाळी उघडतो, वटवाघळे आणि पतंग मधासाठी येतात, आणि सकाळी ते पुंकेसर पाण्यावर सांडलेले दिसतात.

अशा ठिकाणी माणसाने किती जावे, हा प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रातील कांदळवनांचे क्षेत्र सुमारे ३२० चौरस किलोमीटर आहे, आणि त्याची देखरेख करण्यासाठी राज्याच्या वनविभागाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचतगटातील महिला वल्ह्याच्या होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. झाड उभे असण्यावर गावातील कोणाचे तरी घर चालत असेल तर त्या झाडाला जो राखणदार मिळतो तो कोणत्याही फलकापेक्षा अधिक जागा असतो, असे मला वाटते. वल्ह्याने श्वसनमुळे मोडू नयेत आणि सायंकाळी विसाव्याला येणाऱ्या पक्ष्यांच्या झाडाखाली थांबू नये, ही दोन पथ्ये मात्र कयाकवाल्यांनाही लागू आहेत.

अष्टम्या महिन्यात दोन, आणि त्यांचे स्वभाव भिन्न. कृष्ण अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणून परतीची वाट काळोखाची. हिवाळ्यात समुद्राच्या तोंडाजवळ नॉक्टिल्युका हे एकपेशीय जीव पुरेसे असतील तर वल्ह्याच्या प्रत्येक फटक्यासरशी निळसर उजेड पेटतो तो अशाच रात्री नीट दिसतो. शुक्ल अष्टमीला मात्र सूर्य मावळताना अर्धा चंद्र बरोबर डोक्यावर आलेला असतो आणि परतताना दिव्याची गरज भासत नाही. त्या उजेडात आम्ही धक्क्याला लागलो. दादांनी होडी बांधता बांधता बोटाने पायरीकडे खूण केली. तिसऱ्या पायरीवर ओली रेघ होती आणि पाणी तिच्या दोन बोटे खाली उतरले होते.