'होम' की 'प्रो' : दंतचिकित्सालयाच्या छोट्या नेटवर्कमागचा जुना वाद

दंतचिकित्सालयातील पाच-सहा संगणकांसाठी विंडोजचा कोणता प्रकार घ्यावा, हा प्रश्न शेवटी 'होम की प्रो' एवढ्यावर येतो. मराठीत विंडोज ७ आणि विंडोज १० याही आवृत्त्या आणि होम व प्रो याही आवृत्त्याच, असा घोळ असल्यामुळे येथे होम, प्रो या भेदाला 'प्रकार' म्हटले आहे.

कामाचा संगणक आणि घरचा संगणक ही विभागणी मुळात दोन वेगळ्या घराण्यांची होती. १९९३ मध्ये आलेली विंडोज एनटी कार्यालयांसाठी होती, तर घरांमध्ये ९५, ९८ आणि एमई यांचा वावर होता. ऑक्टोबर २००१ मध्ये एक्सपी आली आणि दोन्ही घराणी एनटीच्या गाभ्यावर एकत्र आली. तेव्हापासून होम आणि प्रोफेशनल यांच्यातला फरक बांधणीचा उरला नाही. एकाच बांधणीतून काय काढून घ्यायचे, याचा तो निर्णय झाला. या निर्णयाची सर्वाधिक झळ छोट्या नेटवर्कला बसली ती जोडण्यांच्या, म्हणजे एका संगणकाशी एकाच वेळी किती उपकरणे जोडता येतील याच्या, मर्यादेतून, आणि ती मर्यादा एक्सपीपेक्षा जुनी आहे.

१९९६ मध्ये एनटी ४.० च्या वर्कस्टेशन प्रकाराच्या चाचणी आवृत्तीत उत्पादक कंपनीने अशी तरतूद केली होती की, दहा मिनिटांत दहाहून अधिक वेगवेगळ्या पत्त्यांवरून आलेल्या जोडण्या तो संगणक स्वीकारणार नाही. वर्कस्टेशनवर स्वस्तात वेब सर्व्हर चालवणाऱ्यांनी ओरड केली, तेव्हा ही अट प्रोग्राममधून काढून परवान्याच्या मजकुरात ठेवण्यात आली. वर्कस्टेशन आणि त्याहून कितीतरी महाग सर्व्हर यांचा गाभा एकच असून तो कोणाच्या भूमिकेत चालायचा हे रजिस्ट्रीतील (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या कोठारातील) नोंदी ठरवतात, हेही त्याच सुमारास उघड झाले. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर हा फरक तांत्रिक कमी आणि व्यापारी अधिक होता, असे म्हणणे भाग आहे.

फायली आणि प्रिंटर वाटून देण्यावरची मर्यादा मात्र प्रोग्राममध्येही राहिली : एक्सपी प्रोफेशनलला १०, एक्सपी होमला ५, २००९ च्या विंडोज ७ मध्ये ती २० झाली. खरा गुंता 'जोडणी' या शब्दात आहे. परवाना उपकरणे मोजतो आणि मध्ये एखादा प्रोग्राम किंवा यंत्र घालून अनेक जोडण्यांची एक केली तरी मूळ उपकरणे मोजली जातात, असे बजावतो. फायली वाटणारी सेवा मात्र त्या क्षणी चालू असलेली सत्रे (एकेका संगणकाशी सुरू असलेला संपर्क) मोजते आणि पंधरा मिनिटे काही हालचाल नसलेले सत्र आपणहून बंद करते.

हे प्रत्यक्षात कसे दिसे, हे एका साध्या मांडणीवरून कळेल. स्वागतकक्षातील एक्सपी होमच्या संगणकावर रुग्णांच्या नोंदींचे सामायिक फोल्डर आहे; तीन खुर्च्यांजवळचे तीन, क्ष-किरणाचा एक आणि डॉक्टरांच्या खोलीतला एक असे पाच संगणक त्याला जोडलेले आहेत. मर्यादा भरली. सहावा लॅपटॉप जोडला की त्याच्यावर जोडण्या संपल्याचा संदेश येतो. पण डॉक्टर जेवायला गेले, त्यांच्या संगणकावरचे सत्र मिटले, की तोच लॅपटॉप बिनतक्रार चालतो. दुपारी मात्र डॉक्टरांनाच स्वतःच्या नोंदी उघडता येत नाहीत. असा येऊन-जाऊन असणारा दोष पाहून तंत्रज्ञ केबल आणि स्विच बदलत बसत.

त्यात एक्सपीसाठी ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या सर्व्हिस पॅक २ या सुधारणा-संचाने भर घातली. त्यातही '१०' हाच आकडा होता, पण तो बाहेर जाणाऱ्या, अर्धवट राहिलेल्या जोडणी-प्रयत्नांवरचा होता आणि संगणकीय जंतूंचा (व्हायरससारख्या घातक प्रोग्रामचा) फैलाव मंदावणे हा त्याचा हेतू होता. अनेकांनी दोन्ही आकडे एकच समजून प्रणालीची मूळ फाइल बदलणारे उपाय वापरले. त्यांनी सामायिक फोल्डरची अडचण सुटणे शक्यच नव्हते; सुरक्षितता मात्र कमी झाली.

आकड्यांच्या वादात होमची दुसरी उणीव झाकली गेली, आणि माझ्या मते ती अधिक गंभीर होती. एक्सपी होममध्ये नेटवर्कवरून येणारा प्रत्येक जण पाहुणा म्हणूनच आत येई; फोल्डरच्या परवानग्यांचा टॅब सेफ मोडमध्ये गेल्याशिवाय दिसत नसे. म्हणजे कालच रुजू झालेला मदतनीस आणि डॉक्टर यांना रुग्णांच्या नोंदींवर सारखाच अधिकार. त्यामानाने डोमेनमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांची खाती आणि परवानग्या एका सर्व्हरवरून चालवणाऱ्या व्यवस्थेत, सामील होता येत नाही, या तक्रारीला पाच संगणकांच्या जागी फार मोठे वजन दिले गेले. डोमेन चालवायचे तर सर्व्हर हवा, आणि छोट्या कार्यालयांसाठीची स्मॉल बिझनेस सर्व्हर ही मालिका २०११ च्या आवृत्तीनंतर थांबली. तिच्या जागी २५ वापरकर्ते आणि ५० उपकरणांपुरता एसेन्शियल्स प्रकार आला.

पुढच्या काळात फरकाची जागा बदलली. संपूर्ण डिस्क कूटबद्ध करणारे बिटलॉकर विंडोज ८ पासून प्रोमध्ये आले. २०१५ च्या विंडोज १० होममध्ये अद्ययावतीकरण पुढे ढकलण्याची सोयच नव्हती. रुग्ण खुर्चीत असताना संगणक आपणहून पुन्हा सुरू होणे ही त्यातून आलेली नवी डोकेदुखी. मे २०१९ मध्ये होमलाही काही दिवसांची स्थगिती मिळाली. विंडोज ११ होमने उत्पादकाकडचे ऑनलाइन खाते मांडणीच्या वेळीच मागायला सुरुवात केली.

अलीकडे तर पारडे एका बाबतीत उलटले आहे. २०२४ च्या २४एच२ या अद्ययावतीकरणापासून प्रो प्रकार फायलींच्या देवाणघेवाणीत स्वाक्षरी (संदेश वाटेत बदललेला नाही याची डिजिटल खूण) सक्तीची करतो आणि पाहुण्याचा प्रवेश नाकारतो. होमवर ही सक्ती नाही. क्ष-किरणाच्या प्रतिमा बिनपासवर्डाच्या फोल्डरमध्ये टाकणारे जुने यंत्र त्यामुळे होमवर चालू राहते आणि प्रोवर अडते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार होम आणि प्रो दोन्हींसाठी एकाच दिवशी संपला असल्याने, ज्या चिकित्सालयांत अशी यंत्रे आहेत तेथे या सेटिंगचा प्रश्न नवे संगणक घेतानाच समोर येतो.