सीड कोणी ठरवायचं?
आमच्या इंदूरला रामबागेतल्या गणपतीत लकी ड्रॉ लॅपटॉपवर काढला. कॉलेजच्या एका पोराने जावात प्रोग्राम लिहिला, अंदाज न येणारे वाटतील असे आकडे देणाऱ्या रँडम क्लासचा ऑब्जेक्ट बनवला आणि सीड, म्हणजे आकड्यांची यादी जिथून सुरू होते तो पहिला आकडा, म्हणून दिली त्या क्षणाची वेळ, मिलिसेकंदात. पैठणीच्या ड्रॉला चालतंय हो, पण ओटीपी किंवा पासवर्ड असाच काढला तर वाट लागेल.

कारण हा क्लास सीड घेतो, एका ठरलेल्या मोठ्या आकड्याने गुणतो, 11 मिळवतो, शेवटचे 48 बिट (बिट म्हणजे 0 किंवा 1) ठेवतो आणि हेच करत राहतो, म्हणजे सीड तेच तर पुढची अख्खी यादी तीच. एका तासात मिलिसेकंद फक्त 36 लाख, त्यामुळे ड्रॉ आरतीनंतरच्या तासाभरात झाला एवढं कळलं तरी लॅपटॉप सगळी सीडं बघता बघता तपासतो. वेळ माहीत नसली तरी काही बिघडत नाही, 48 बिट म्हणजे 281 लाख कोटी शक्यता खऱ्या, पण नेक्स्टइंट, म्हणजे पुढचा आकडा मागायची मेथड (क्लासमधलं तयार काम), त्यातले वरचे 32 बिट स्वतःच दाखवून टाकतो, उरले 16, म्हणजे 65,536 शक्यता, पुढचा एक आकडा मिळाला की जुळवून बघायचं, खेळ खल्लास.

1995 मधे नेटस्केप ब्राउझरचं असंच झालं, सीड वेळ आणि प्रोसेस नंबरांवरून बनायचं, बर्कलीचे विद्यार्थी इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी ते शोधून काढलं.

उपाय सोपा आहे, जावातलाच सिक्युअररँडम वापरायचा, तो रँडमचाच चाइल्ड क्लास, म्हणजे त्याच्यावरूनच बनलेला, मेथड त्याच, त्यामुळे बाकी कोड जवळपास तसाच राहतो. सीड मात्र आपण द्यायचं नाही, ऑपरेटिंग सिस्टीमकडून येऊ द्यायचं, ती हार्डवेअरमधल्या बारीकसारीक वेळांच्या गडबडीतून ते गोळा करते.

मला गंमत वाटते ती सेटसीडची, म्हणजे सीड द्यायच्या मेथडची! पेरेंटमधे, म्हणजे साध्या रँडममधे, ते जुनं सीड पुसून नवीन ठेवतं, चाइल्डमधे जुन्यात भर घालतं. पण सिक्युअररँडमचा एसएचए1पीआरएनजी नावाचा प्रकार मागितला आणि पहिला आकडा काढायच्या आधीच सेटसीड केलं, तर फक्त तुमचंच सीड चालतं, वेळ दिली असेल तर परत तोच घोळ, वर क्लासच्या नावात सिक्युअर, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

टेस्टिंगला उलट साधा रँडम आणि ठरलेलं सीडच बरं, बग पुन्हा तसाच्या तसा पकडता येतो.