व्यापारी इमारतींतील रोहित्रांचे भूसंपर्कन व समविभव जोडणी (गोवा)

रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) न्यूट्रल बिंदू आणि त्याची धातूची टाकी जमिनीशी जोडणे म्हणजे भूसंपर्कन. व्यवहारात त्याला अर्थिंग म्हणतात. इमारतीतील हाताला लागू शकणारे सर्व धातूचे भाग जाड वाहकाने एकमेकांशी आणि त्या अर्थिंगशी बांधून घेणे म्हणजे समविभव जोडणी, अर्थात बाँडिंग. ही दोन कामे एकत्र केली जात असली तरी त्यांचे हेतू वेगळे आहेत. हा फरक लक्षात न घेतल्यामुळेच या विषयातील बहुतेक चुका होतात.

गोव्यात विजेचे वितरण राज्य सरकारचे वीज खाते करते. मोठी हॉटेले, रुग्णालये आणि कार्यालयीन संकुले साधारणपणे 11,000 व्होल्टचा पुरवठा घेऊन आपल्या आवारातील रोहित्राने तो 433 व्होल्टपर्यंत उतरवतात. अशा रोहित्राची प्राथमिक गुंडाळी डेल्टा (त्रिकोणी जोडणीची) आणि दुय्यम गुंडाळी स्टार (तिन्ही फेजांची टोके एका बिंदूत मिळणारी) पद्धतीची असते. डेल्टातून न्यूट्रल पुढे येत नसल्याने इमारतीचा न्यूट्रल या रोहित्राच्या स्टार बिंदूतच जन्म घेतो, आणि त्याला जमिनीचा आधार देण्याची जबाबदारीही तिथेच येते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार (2010 चे विनियम, त्यांच्या जागी आलेले 2023 चे) हा बिंदू किमान दोन स्वतंत्र जोडण्यांनी भूसंपर्कन यंत्रणेला जोडावा लागतो. टाकी व इतर धातूच्या सांगाड्यांनाही दोन जोडण्या लागतात. प्रत्यक्ष रचनेचे तपशील आयएस 3043 या भारतीय मानकात आहेत. हे मानक 1966 मध्ये आले आणि 1987 व 2018 मध्ये सुधारले गेले.

‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. न्यूट्रलचे दोन खड्डे (जमिनीत इलेक्ट्रोड, म्हणजे धातूची नळी किंवा पट्टी, पुरलेली जागा) आणि टाकीचे दोन खड्डे एकमेकांपासून अलिप्त ठेवायचे, असे अनेक ठिकाणी समजले जाते. वास्तविक दोन जोडण्या लागतात त्या एक तुटली तर दुसरी उरावी म्हणून, आणि सगळ्या जोडण्या एकाच यंत्रणेत मिळायला हव्यात. 500 केव्हीए क्षमतेच्या रोहित्राचा पूर्ण भारप्रवाह सुमारे 667 अँपिअर असतो आणि त्याच्यापुढे 800 अँपिअरचा ब्रेकर बसवलेला असतो. एका पॅनेलच्या पत्र्याला फेज चिकटली, पण तो पत्रा फक्त स्वतःच्या 1 ओहमच्या खड्ड्याला जोडलेला आहे आणि न्यूट्रलचा खड्डाही 1 ओहमचा आहे, असे समजू. 240 व्होल्टला 2 ओहमने भागले की 120 अँपिअर येतात. ब्रेकर ढिम्म राहतो आणि पत्र्यावर 120 व्होल्ट तसेच उभे राहतात. तोच पत्रा धातूच्या पट्टीने स्टार बिंदूपर्यंत जोडलेला असेल आणि पूर्ण फेऱ्याचा अवरोध 0.05 ओहम असेल, तर 4,800 अँपिअर वाहतात व ब्रेकर तात्काळ पडतो. खड्डा कितीही उत्तम असला तरी कमी दाबाच्या बाजूचा दोष तोडण्याचे काम ही पट्टीच करते. खड्ड्याचे खरे महत्त्व तडित प्रवाहासाठी, 11,000 व्होल्टच्या बाजूच्या दोषासाठी आणि न्यूट्रल जमिनीच्या विभवाजवळ राखण्यासाठी आहे.

पट्टीचा छेद दोषप्रवाहावरून ठरतो. वरच्या रोहित्राची प्रतिबाधा (प्रवाहाला होणारा त्याचा अंतर्गत विरोध) साडेचार टक्के असल्यास त्याच्या टोकांशी सुमारे 15,000 अँपिअरचा दोष संभवतो. पोलादासाठी एका सेकंदाला दर चौरस मिलिमीटरमागे सुमारे 80 अँपिअर धरले तर जवळपास 190 चौ. मिमी छेद पुरतो. तरीही 50 × 6 मिमीची जस्तलेपित पट्टी घेणे शहाणपणाचे असते, कारण किनाऱ्यावरील खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस आधी पट्टीच्या जोडांवर हल्ला करतो. पट्टी धडधाकट दिसते, पण बोल्ट सोडवला की वॉशरखाली तांबूस भुकटी निघते. तांबे आणि जस्तलेपित लोखंड थेट एकमेकांवर आवळले असेल तर हा ऱ्हास आणखी वेगाने होतो.

न्यूट्रल आणि अर्थ यांची गाठ मात्र एकाच ठिकाणी, रोहित्रापाशी किंवा मुख्य पॅनेलात, असावी. मजल्यावरील बोर्डात ती पुन्हा मारली तर असंतुलित प्रवाह लिफ्टचे रूळ, पाण्याचे नळ आणि डेटा केबलची आवरणे यांतून परतू लागतो, आणि भूदोष रिलेही (जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण) फसतो. जनित्र असेल तर त्याचा न्यूट्रल स्वतंत्रपणे अर्थ करून चार ध्रुवांचा (तीन फेजांसोबत न्यूट्रलही तोडणारा) बदलस्विच वापरणे योग्य ठरते. केबलचे चिलखत (बाहेरचे धातूचे कवच), रोहित्राच्या खोलीचे दरवाजे (लवचिक तांब्याच्या वेणीने), पाण्याचे व अग्निशमनाचे नळ आणि तडितरक्षकाची उतरण हे सारे मुख्य अर्थ पट्टीला मिळवावे लागते.

गोव्याची जमीन या बाबतीत एकसारखी नाही. पणजीत खाडीकाठच्या सखल भागात ओल आणि क्षार असल्याने अवरोध सहज कमी मिळतो, पण इलेक्ट्रोड लवकर गंजतात. पर्वरी किंवा वेर्ण्याच्या सड्यावर उलट स्थिती असते: चिऱ्याचा दगड सच्छिद्र, पाणी धरून न ठेवणारा, त्यामुळे उन्हाळ्यात अवरोध वाढतो. अशा ठिकाणी उथळ खड्ड्यांची संख्या वाढवण्यापेक्षा चिऱ्याचा थर भेदून खालच्या ओलसर शेडी (चिकण) मातीपर्यंत इलेक्ट्रोड नेणे आणि भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरणे अधिक उपयोगी पडते. दोन इलेक्ट्रोडांतील अंतर त्यांच्या लांबीच्या किमान दुप्पट ठेवतात. अडीच मीटरच्या नळीसाठी ते 5 मीटर होते.

मोजमाप कोरड्या ऋतूतील कोरड्या दिवशी करावे, असा दंडक आहे. गोव्यात त्याचा अर्थ एप्रिल किंवा मे. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी खड्ड्यात बादल्या ओतून घेतलेला आकडा त्या इमारतीबद्दल काहीही सांगत नाही. याबरोबरच सर्वांत वरच्या मजल्यावरील पॅनेलच्या पत्र्यापासून स्टार बिंदूपर्यंतच्या धातूमार्गाचा अवरोध मोजणे आवश्यक आहे. हीच चाचणी सर्वाधिक वेळा राहून जाते.