शिबिरात न सापडणारा कॅन्सर

२०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात साडेतेवीस लाख बायका-मुली मोजल्या गेल्या. भारतात अंडाशयाचा कॅन्सर वर्षाला लाख जणींमागे साधारण सात जणींना होतो. हे दोन आकडे गुणले, तर आपल्या एकट्या जिल्ह्यात दरवर्षी दीडशेच्या वर नव्या रुग्ण निघायला हव्यात. ही मोजणी नाही, देशाची सरासरी इथल्या लोकसंख्येला लावून काढलेला अंदाज आहे. तरीही आकडा कळल्यापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. या दीडशे जणी आपल्याला दिसत का नाहीत? स्तनाचा किंवा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झालेली बाई गावात कुणाला ना कुणाला माहीत असते. अंडाशयाच्या कॅन्सरचं मात्र कुणी नावही घेत नाही. ‘पोटात गाठ होती’, ‘पोटात पाणी झालं होतं’, ‘मिरजेला नेलं होतं पण उशीर झाला’ एवढ्यावर बोलणं संपतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षभरात अंडाशयाच्या कॅन्सरच्या सुमारे ४७ हजार नव्या रुग्ण आढळल्या आणि सुमारे ३३ हजार जणी त्याने दगावल्या. बायकांच्या कॅन्सरमध्ये स्तन आणि गर्भाशयमुख यांच्यानंतर याचा तिसरा नंबर लागतो. पण नंबरापेक्षा या दोन आकड्यांमधलं अंतर पाहावं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये शंभर नव्या रुग्णांमागे त्याच वर्षी पन्नासच्या आसपास मृत्यू नोंदले जातात, इथे सत्तर. मेलेल्या आणि नव्याने सापडलेल्या बायका त्याच नसतात, त्यामुळे हे मृत्यूचं नेमकं प्रमाण नव्हे. आजार किती जिवावरचा आहे याचा अंदाज मात्र त्यातून येतो.

दुसरा आकडा अमेरिकेतल्या नोंदींचा. आजार अंडाशयापुरताच असताना सापडला, तर पाच वर्षांनंतर शंभरातल्या नव्वदहून जास्त बायका हयात असतात. लांबवर पसरल्यावर सापडला, तर तिसेक. आणि सापडतो कधी? चारातल्या तीन जणींना तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात, म्हणजे पसरल्यावर.

याचं कारण शरीराच्या रचनेतच आहे. अंडाशय बदामाएवढं असतं आणि ओटीपोटात खोल, मोकळ्या जागेत असतं. हाताला लागत नाही, आरशात दिसत नाही. तिथून सुटलेल्या पेशींना पसरायला रक्तवाहिनी शोधावी लागत नाही. पोटाच्या पोकळीत आतड्यांना वंगण म्हणून थोडा द्रव कायम फिरत असतो, त्याच्याबरोबर त्या पोटभर जाऊन चिकटतात. आतड्यांसमोर चरबीचा एक पडदा लोंबत असतो, तिथे हमखास. गेल्या पंचवीस वर्षांत आणखी एक गोष्ट पुढे आली. या कॅन्सरच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आणि सर्वांत आक्रमक प्रकाराची सुरुवात बऱ्याचदा अंडाशयात होतच नाही. ती होते गर्भनलिकेच्या झालरीसारख्या टोकाशी. तिथला काही मिलिमीटरचा बिघाड कुठल्याही सोनोग्राफीत दिसत नाही. अंडाशय मोठं दिसेपर्यंत पेशी पोटात पोचलेल्या असू शकतात.

म्हणूनच शिबिराबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. सरकारी आरोग्य कार्यक्रमात तिशीच्या पुढच्या बायकांचे तीन कॅन्सर तपासतात: तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. आशाताई सांगायला आल्या तर जरूर जावं, या तपासण्यांनी जीव वाचतात. पण तिथून ‘काही नाही, सगळं नॉर्मल आहे’ असं ऐकून आलेली बाई आपल्याला कुठलाच कॅन्सर नाही असं धरून चालते. पॅप स्मिअर गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी बघतो, अंडाशयाबद्दल तो काही सांगत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी एचपीव्हीची लसही या कॅन्सरसाठी नाही.

मग अंडाशयाची तपासणी शिबिरात का घेत नाहीत? प्रयत्न झाला, आणि फार मोठा झाला. ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात पन्नास ते चौऱ्याहत्तर वयाच्या दोन लाखांहून अधिक निरोगी बायकांना एका अभ्यासात घेतलं. काहींची दरवर्षी सीए-१२५ या रक्तातल्या प्रथिनाची तपासणी केली, काहींची सोनोग्राफी, उरलेल्यांची काहीच नाही. २०२१ मध्ये अंतिम निष्कर्ष आला. रक्ततपासणीच्या गटात काही कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडले, तरी मृत्यू कमी झाले नाहीत. वीस वर्षांच्या कामाचं हे उत्तर निराश करणारं होतं, पण प्रामाणिक होतं. त्यामुळे ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या पॅकेजमध्ये सीए-१२५ घालून विकणाऱ्या जाहिराती पाहिल्या की राग येतो.

त्यामागचं गणित साधं आहे. पाश्चात्त्य देशांत पन्नाशीच्या पुढच्या एक लाख बायकांत अंडाशयाचा कॅन्सर असलेल्या साधारण चाळीस जणी असतात. समजा, एखादी तपासणी इतकी चांगली आहे की निरोगी शंभरातल्या नव्व्याण्णव जणींना ती बरोबर ‘निरोगी’ म्हणते. तरीसुद्धा लाखात हजार निरोगी बायकांना ती चुकून ‘संशयित’ ठरवेल. चाळीस खऱ्या, हजार खोट्या. या हजार जणींची झोप उडणार, काहींचं पोट उघडलं जाणार. शिवाय सीए-१२५ वाढायला कॅन्सरच लागतो असं नाही. पाळी, गरोदरपण, फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं) अशा कशानेही ते ३५ या नेहमीच्या मर्यादेपलीकडे जातं. आपल्याकडे तर पोटाचा क्षयरोग आहे. त्यात पोटात पाणी होतं, वजन उतरतं, सीए-१२५ शेकड्यांत जातं, आणि चित्र हुबेहूब कॅन्सरसारखं दिसतं. असा रिपोर्ट हातात आला म्हणून कुणी धीर सोडू नये. पोटातल्या पाण्याची किंवा आतून काढलेल्या तुकड्याची तपासणी झाल्याशिवाय निदान होत नाही, आणि क्षयरोग औषधांनी बरा होतो.

तपासणी उपयोगी नाही, आजार आत दडलेला. मग आपल्या हातात काय उरतं? लक्षणं ओळखणं. या कॅन्सरला पूर्वी ‘मुका मारेकरी’ म्हणायचे, पण तो तसा मुका नाही. रुग्णांना मागचं विचारलं तर बहुतेक जणी काही महिन्यांपासूनच्या तक्रारी सांगतात. पोट फुगल्यासारखं, गच्च वाटणं. चार घास खाल्ले की पोट भरणं. ओटीपोटात किंवा पोटात दुखत राहणं. लघवीला वरचेवर किंवा घाईने जावं लागणं. पोटात पाणी साठतं म्हणून फुगतं, जठरावर दाब येतो म्हणून जेवण जात नाही, मूत्राशय दाबलं जातं म्हणून लघवी लागते.

अडचण अशी, की या चारही तक्रारी कुठल्या बाईला कधी ना कधी होत नाहीत? म्हणून डॉक्टर तीन गोष्टी बघतात. तक्रार नवी आहे का, म्हणजे वर्षभराच्या आतली. महिन्यात बारा दिवसांहून जास्त होते का. आणि वय काय. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच ‘गॅसचा त्रास’ सुरू झाला, तर तो गॅसच असेल असं धरू नये. आतड्यांचा साधा त्रास त्या वयात नव्याने क्वचितच सुरू होतो.

आपल्याकडे नेमकं इथेच घोडं अडतं. ‘पोट गच्च झालंय बघा, भाकरी जात नाही’ असं सासूबाई म्हणाल्या की आधी ओवा-हिंग, मग मेडिकलमधून पित्ताची गोळी, मग कुणी सांगितलेला काढा. लुगड्याची गाठ सैल करावी लागते, पण अंग उतरलेलं असतं, त्यामुळे पोट वाढल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. सुगी आहे, लग्न आहे, म्हैस व्यालीय, म्हणून दवाखाना पुढे ढकलला जातो. मी कुणाला दोष देत नाही. गॅस हेच कारण शंभरात नव्व्याण्णव वेळा खरं असतं. फक्त तीन आठवडे गोळ्या खाऊनही तक्रार जात नसेल, तर डॉक्टरांना सरळ विचारावं: ‘अंडाशयाची सोनोग्राफी करून बघायची का?’ पोटावरून आणि गरज असेल तर आतून अशी ती करतात. सीए-१२५ चा खरा उपयोग इथे आहे, लक्षणं असलेल्या बाईत, सोनोग्राफीच्या जोडीला.

पिशवी काढलेल्या बायकांना एक आवर्जून सांगायचं आहे. ‘माझी पिशवीच काढलीय, मला कसला कॅन्सर’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. त्या ऑपरेशनमध्ये गर्भाशय काढतात. अंडाशय काढली की ठेवली, हे प्रत्येकीच्या कागदावर वेगळं असतं, आणि वय कमी असेल तर ती ठेवणंच हाडांच्या आणि हृदयाच्या दृष्टीने बरं असतं. जुना डिस्चार्जचा कागद शोधून डॉक्टरांकडून वाचून घ्यावा.

गाठ सापडली आणि संशय असला, तर पहिलं ऑपरेशन कोण करतं याला फार महत्त्व आहे. पहिल्या टप्प्यातली गाठ काढताना फुटली आणि आतला द्रव पोटात सांडला, तर टप्पा वाढतो आणि उपचारही वाढू शकतात. पुढच्या टप्प्यात उलट, डोळ्यांना दिसणारा सगळा आजार काढून टाकणं हे ऑपरेशनचं उद्दिष्ट असतं, आणि ते साधलं तर आयुष्य वाढतं. दोन्ही कामं स्त्रियांच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया शिकलेल्या सर्जनची आहेत. ‘साधी सिस्ट आहे, दुर्बिणीने काढू’ असं ऐकलं तर घाई न करता रिपोर्ट घेऊन दुसरं मत घ्यावं. आपल्या भागातून त्यासाठी आता दर वेळी मुंबई किंवा बेंगळुरू गाठावं लागत नाही. बेळगावात २०२५ च्या जानेवारीत केएलईचं कॅन्सर रुग्णालय सुरू झालं, मिरज, कोल्हापूर आणि हुबळीतही उपचार होतात. खर्चासाठी कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहे. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. कुठल्या रुग्णालयात कुठलं कार्ड चालतं हे भरती होण्याआधीच विचारून ठेवावं, म्हणजे ऐन वेळी धावपळ होत नाही.

जागृतीने मृत्यू झपाट्याने घटतील, असं मी म्हणणार नाही. आक्रमक प्रकार इतक्या वेगाने पसरतो की लक्षण दिसेपर्यंत टप्पा बदललेला असू शकतो. पण तिसऱ्या टप्प्यातही चालत दवाखान्यात आलेली बाई आणि पोटात दहा लिटर पाणी घेऊन, अंगातलं सगळं बळ गेल्यावर आलेली बाई, यांच्यात मोठा फरक असतो. पहिलीला मोठं ऑपरेशन आणि केमोथेरपी झेपते. ८ मे हा जागतिक अंडाशय कर्करोग दिन २०१३ पासून पाळला जातो. आपल्याकडे मे महिन्यात लेकी माहेरी येतात, संक्रांतीला हळदी-कुंकू होतं, बचत गटाची बैठक दर महिन्याला असते. चार लक्षणं सांगायला तिथे पाच मिनिटं पुरतात. ती मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडे छापून वाटली पाहिजेत, कारण खेड्यातल्या अनेक वयस्क बायका यातली एकच लिपी वाचतात.

आणि घराण्याचं विचारावं. अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या दर सहा-सात जणींमागे एकीत बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकातला जन्मजात बदल सापडतो. हा बदल आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. म्हणजे मावशीइतकीच आत्याही महत्त्वाची. सीमाभागात माहेर चंदगडला, सासर खानापूरला, आजोळ गोव्यात असा गोतावळा असतो. डॉक्टरांनी ‘घरात कुणाला कॅन्सर होता का?’ विचारलं की बाई सासरचं सांगते. सांगायचं असतं माहेरचं, दोन्ही बाजूंचं, स्तनाच्या कॅन्सरसकट. निदान झालेल्या बाईने या जनुकांची रक्ततपासणी करून घेतली, तर तिच्या उपचाराला त्याचा उपयोग होतो. अशा बदलावर चालणारी ओलापॅरिबसारखी औषधं आता आहेत. तिच्या बहिणींना आणि मुलींनाही तपासता येतं. बीआरसीए-१ मधला बदल असलेल्या मुलीला, मुलं-बाळं झाल्यावर, पस्तीस ते चाळीस या वयात अंडाशय आणि गर्भनलिका काढून घेण्याचा सल्ला देतात, बीआरसीए-२ असेल तर चाळीस ते पंचेचाळीसमध्ये. त्याने तिचा धोका साधारण ऐंशी टक्क्यांनी उतरतो.