उकिडवी दहा वर्षं

३० सप्टेंबर २०१८. मिनियापोलिसच्या टार्गेट फील्डवर मिनेसोटा ट्विन्स या बेसबॉल संघाचा मोसमातला शेवटचा सामना, समोर शिकागो व्हाइट सॉक्स. नवव्या इनिंगला ट्विन्सच्या डगआउटमधून जो माउअर बाहेर आला आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं. पायांना पॅड, छातीवर कवच, चेहऱ्यावर लोखंडी जाळी. पाच वर्षांत त्याने हा सरंजाम अंगावर चढवला नव्हता. बॅटर जिच्यापाशी उभा राहतो त्या होम प्लेटमागे तो कॅचर म्हणून उकिडवा बसला, पिचरने एक चेंडू टाकला आणि त्याने तो झेलला. एकच. मग तो उठला आणि डोळे भरलेले असताना मैदानाबाहेर गेला. त्याच्या जागी दुसरा कॅचर आला.

माउअर शेजारच्याच सेंट पॉलचा. २००१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, ट्विन्सने देशभरातल्या सगळ्या मुलांमधून पहिला म्हणून त्याला उचललं. कॅचरचं अंग मोसमाच्या मध्यावरच आंबून जातं, त्यामुळे त्याच्याकडून फलंदाजीत फार अपेक्षा ठेवण्याची पद्धत नाही. माउअरने मात्र २००६, २००८ आणि २००९ अशी तीन वर्षं अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या दोन भागांपैकी एक) सर्वाधिक फलंदाजी सरासरी, म्हणजे दर प्रयत्नामागे यशस्वी फटक्यांचं प्रमाण, राखली. तीन वेळा हे करणारा तो एकमेव कॅचर. २००९ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. असा माणूस तिशीत प्लेटमागून उठतो आणि पाच वर्षांनी निरोपाला फक्त एका चेंडूपुरता परत येतो. हे का झालं, ते समजून घ्यायचं तर त्या जागी बसलेल्या शरीराचं काय होतं हे बघावं लागतं.

आपल्या डोळ्यांसमोर लगेच यष्टिरक्षक येतो. पण वेगवान गोलंदाजाला यष्टिरक्षक पंधरा-वीस पावलं मागे उभा राहतो, आणि चेंडू त्याच्यापर्यंत येतो तो टप्पा पडून, वेग गमावून. कॅचर बसतो तो बॅटच्या अगदी मागे. पिचरचा उंचवटा तिथून १८.४४ मीटरवर. ताशी १५३ किलोमीटरने सुटलेला १४५ ग्रॅमचा चेंडू सुमारे ०.४ सेकंदात प्लेटवर येतो, तेव्हाही त्याचा वेग ताशी १४० च्या आसपास असतो. असे साधारण दीडशे चेंडू एका सामन्यात एक संघ टाकतो. माउअर दहा मोसमांत नऊशेहून जास्त सामन्यांत त्या जागी बसला. लाखाच्या वर चेंडू झाले.

ताशी १४० किलोमीटरने येणाऱ्या या चेंडूत सुमारे ११० ज्यूल ऊर्जा असते. एक किलोची मिठाची पिशवी तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून सोडली तर खाली पोचताना तिच्यात एवढीच ऊर्जा असेल. ती थांबवायची तर किती जोर सोसावा लागेल? ते थांबवण्याच्या अंतरावर ठरतं. हात आणि ग्लोव्ह मिळून दहा सेंटिमीटर मागे सरकले, तर तळहातावर सरासरी ११०० न्यूटन, म्हणजे ११० किलो वजनाइतका जोर येतो. अंतर पाच सेंटिमीटरवर आलं की जोर दुप्पट. मी शाळेत यष्टिरक्षण करायचो तेव्हा सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "चेंडूला अडवू नकोस, त्याच्याबरोबर हात मागे घे." भौतिकशास्त्राचा हा नियम तेव्हा असा तळहाताने शिकलो.

कॅचरला नेमकं हेच करता येत नाही. चेंडू ४३ सेंटिमीटर रुंदीच्या प्लेटवरून, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत गेला तर स्ट्राइक, म्हणजे बॅटरच्या विरोधात; नाहीतर बॉल, म्हणजे त्याच्या बाजूने. हा निर्णय देणारा अंपायर कॅचरच्या खांद्यावरून बघत असतो. कडेला लागून गेलेल्या चेंडूच्या धक्क्याने ग्लोव्ह बाहेर ढकलला गेला, तर अंपायरच्या डोळ्यांना चेंडूही बाहेरचाच वाटतो. ग्लोव्ह जागच्या जागी राहिला, किंवा केसभर आत आला, तर तोच चेंडू स्ट्राइक ठरू शकतो. या कसबाला फ्रेमिंग म्हणतात. हात मऊ दिसला पाहिजे, पण हलता कामा नये. म्हणजे थांबवण्याचं अंतर कमी, आणि जोर जास्त.

हे कसब अनेक दशकं फक्त जाणकारांच्या बोलण्यात होतं. कुठल्याच धावफलकावर त्याचा रकाना नव्हता. २००६ च्या अखेरीपासून मेजर लीगच्या मैदानांवर चेंडूचा मार्ग टिपणारे कॅमेरे बसू लागले, आणि मग प्रत्येक चेंडू खरा कुठून गेला आणि अंपायरने काय दिलं, हे शेजारी शेजारी ठेवता आलं. २०११ मध्ये माइक फास्ट या विश्लेषकाने त्यातून कॅचरांची तुलना मांडली. सगळ्यात वर नाव आलं होझे मोलिना याचं. प्वेर्तो रिकोच्या तीन मोलिना भावांपैकी हा मधला. तिघेही कॅचर. होझे फलंदाजीत बेताचा, पळायला संथ, बहुतेक वर्षं राखीव म्हणून खेळलेला. पण त्याच्या शांत हाताने संघाच्या किती धावा वाचवल्या ते पहिल्यांदाच आकड्यांत दिसलं. त्याच हिवाळ्यात, छत्तिसाव्या वर्षी, टॅम्पा बे संघाने त्याला घेतलं. मला ही हकिकत फार मोलाची वाटते. एक माणूस आयुष्यभर उत्तम काम करत होता आणि ते मोजायचं साधन त्याची कारकीर्द संपत आल्यावर आलं.

त्या शांत हाताची तर्जनी एकदा जवळून बघावी. २००५ मध्ये अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या डॉक्टरांनी खालच्या लीगमधल्या व्यावसायिक खेळाडूंचे हात तपासले. कॅचरांच्या ग्लोव्हमधल्या हाताची तर्जनी दुसऱ्या हाताच्या तर्जनीपेक्षा जाड झालेली आढळली. एकाच माणसाला दोन हातांसाठी दोन मापांच्या अंगठ्या लागाव्यात, इतकी. बोटाच्या मुळाशी रक्तवाहिन्या आणि चेता कातडीखाली अगदी वर असतात, आणि चेंडू रोज तिथेच आदळतो. बोट सुन्न पडणं, मुंग्या येणं, थंडीत पांढरं पडणं या तक्रारी या धंद्यात नेहमीच्या. म्हणून कितीतरी कॅचर तर्जनी ग्लोव्हच्या बाहेर, मागच्या बाजूला ठेवतात.

दुसरा हात मात्र सुटला. पूर्वी चेंडू दोन्ही हातांनी धरायचे, आणि उघड्या हाताची बोटं मोडत. १९६० च्या दशकाच्या शेवटी रँडी हंडली आणि जॉनी बेंच यांनी बिजागरीसारखा मिटणारा ग्लोव्ह वापरून एका हाताने झेलायला सुरुवात केली. बेंच उजवा हात चक्क पाठीमागे लपवून बसायचा. आज सगळे तेच करतात.

गुडघ्यांचं सांगायचं तर, उकिडवं बसणं आपल्याला परकं नाही. पण आपण टाचा टेकवून निवांत बसतो. कॅचर बसतो चवड्यांवर, कुठल्याही क्षणी उसळून, पळणाऱ्याला बाद करायला ३८.८ मीटरवरच्या दुसऱ्या बेसकडे चेंडू फेकायच्या तयारीत. चेंडू ग्लोव्हमध्ये आल्यापासून तिथे पोचेपर्यंत सारं दोनेक सेकंदांत उरकावं लागतं. उतरताना आणि उठताना वाटीमागच्या कूर्चेवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो. माउअर तर १९५ सेंटिमीटर उंच, या जागेला न शोभेल एवढा. २००४ मध्ये मेजर लीगमधल्या दुसऱ्याच सामन्यात त्याच्या डाव्या गुडघ्यातली मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली चकतीसारखी गादी, फाटली आणि ते वर्ष जवळजवळ वाया गेलं. अलीकडे बरेच कॅचर एक गुडघा जमिनीला टेकवूनच बसतात. तरीही माउअरला प्लेटमागून उठवलं ते गुडघ्याने नव्हे.

बॅटरने बॅट फिरवली आणि चेंडूला ती निसटती लागली, तर त्याला फाउल टिप म्हणतात. चेंडूचा वेग फारसा कमी होत नाही, दिशा मात्र किंचित बदलते. बॅटपासून कॅचरच्या जाळीपर्यंतचं अंतर जेमतेम मीटरभर. हे अंतर चेंडू सेकंदाच्या सुमारे चाळिसाव्या भागात कापतो. डोळ्यांना काही दिसून हात हलायला माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो, म्हणजे आठपट वेळ. कितीही सराव केला तरी हे अंतर भरून निघत नाही. आपल्या मज्जासंस्थेतले संदेशच त्याहून वेगाने धावत नाहीत. डोकं बाजूला घेणं सोडाच, मान आवळायलाही सवड मिळत नाही. आवळलेली मान डोक्याला धडाशी बांधून ठेवते आणि धक्का पूर्ण शरीरात वाटला जातो. सैल मानेवरचं डोकं एकटंच तो घेतं.

जाळी असते ना? १८७७ च्या सुमारास हार्वर्डच्या फ्रेड थेयरने तलवारबाजीच्या मुखवट्यावरून कॅचरची पहिली जाळी बनवली. दात, नाक आणि डोळे ती चोख वाचवते. आपला यष्टिरक्षक सबा करीम याची वनडे कारकीर्द २००० मध्ये ढाक्यात डोळ्याला चेंडू लागून थांबली, तशी वेळ ती येऊ देत नाही. पण मेंदू हा काही कवटीला चिकटलेला भाग नव्हे. द्रवात तरंगणारा, घट्ट दह्यासारखा मऊ असा तो गोळा. जाळीला धक्का बसतो, डोकं झटक्याने फिरतं, मेंदू क्षणभर मागे राहतो आणि मग ओढला जातो. या पिळण्यात चेतापेशींचे लांबलचक तंतू ताणले जातात.

ताणलेल्या तंतूच्या पातळ आवरणातून पोटॅशियम बाहेर निसटतं, कॅल्शियम आत घुसतं. हा समतोल परत आणणारे पेशींतले पंप पूर्ण जोराने चालू होतात आणि त्यांना भरमसाट ऊर्जा लागते. नेमक्या त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. मागणी वाढलेली आणि पुरवठा घटलेला, अशी ही अवस्था काही दिवस ते काही आठवडे टिकते. बाहेरून खोक नाही, आत रक्तस्राव नाही, नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये सगळं ठीक. माणसाला मात्र उजेड सोसत नाही, डोकं ठणकतं, शब्द आठवत नाहीत. याला कंकशन म्हणतात. या काळात दुसरा धक्का बसला तर पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान होतं. आणि कॅचरला दुसरा धक्का बसायला कधीकधी पुढचा चेंडूही पुरतो.

माइक मॅथेनीचं तेच झालं. प्लेटमागच्या कामात त्याच्यासारखे थोडेच. क्षेत्ररक्षणासाठीचे चार गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार, आणि एकही चूक न करता सलग २५२ सामने. २००६ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून खेळताना त्याच्या जाळीवर एकापाठोपाठ फाउल टिप बसल्या. त्यातली एकही कुणाला भयंकर वाटली नव्हती. त्यानंतर तो एकही सामना खेळू शकला नाही आणि २००७ च्या फेब्रुवारीत त्याने निवृत्ती पत्करली. तेव्हा जखमी खेळाडूला यादीत टाकलं की किमान पंधरा दिवस बाहेर ठेवावं लागे, त्यामुळे डोक्याचा मार लपवून खेळत राहण्याकडेच सगळ्यांचा कल असे. २०११ मध्ये मेजर लीगने फक्त कंकशनसाठी सात दिवसांची वेगळी यादी केली. तपासून घ्यायला माणूस तयार होईल, एवढी साधी सवलत. ती यायला इतका उशीर लागला याचा मला आजही राग येतो.

१९ ऑगस्ट २०१३ रोजी न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध माउअरच्या जाळीवर अशीच एक टिप आदळली. तो मोसम त्याच्यासाठी तिथेच संपला. नोव्हेंबरमध्ये संघाने जाहीर केलं की यापुढे तो पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षण करेल. कॅचर म्हणून दहा वर्षं झाली होती, आणि ती संपली.

फलंदाजीवरही सावट आलं. २०१३ मध्ये ०.३२४ असलेली सरासरी पुढच्या वर्षी ०.२७७ वर आली, त्यापुढे ०.२६५. वय, जागा बदलणं, सगळंच त्यात असेल. पण नंतर त्याने स्वतः सांगितलं की त्या काळात चेंडू त्याला धूसर दिसायचा. डोकं हलत असताना नजर स्थिर ठेवायचं काम कानातला तोल सांभाळणारा भाग आणि डोळ्यांचे स्नायू यांच्यातल्या एका झटपट जोडणीवर चालतं, आणि कंकशनमध्ये ही जोडणी हमखास बिघडते. तुम्हीआम्ही वर्तमानपत्र थोडं जवळ धरून भागवू. चेंडूसाठी ०.४ सेकंद मिळणाऱ्या माणसाला ते भागत नाही. मे २०१८ मध्ये पहिल्या बेसवर एका चेंडूसाठी झेपावताना त्याच्या डोक्याला पुन्हा मार बसला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निवृत्तीच्या पत्रात त्याने आपल्या मुलींचा आणि येणाऱ्या बाळाचा विचार लिहिला. २०२४ मध्ये त्याचं नाव बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये लागलं.

२०२६ च्या मोसमापासून मेजर लीगमध्ये अंपायरच्या स्ट्राइक-बॉलवर दाद मागता येते. कॅचरने हाताने डोक्यावर थाप मारली की कॅमेऱ्यांनी मोजलेला मार्ग पडद्यावर येतो. यंत्र फक्त प्लेटवरचा मार्ग बघतं, ग्लोव्ह कुठे थांबला हे त्याच्या लेखी नाही. त्यामुळे दाद मागण्याच्या वाटा वाढत गेल्या तर फ्रेमिंगचं मोल कमी होईल आणि कॅचरच्या बोटांना थोडी उसंत मिळेल, असं मला वाटतं. फाउल टिपवर मात्र याचा काहीच परिणाम नाही, ती बॅटमधून येते.

त्या सप्टेंबरच्या दुपारी माउअर बसला होता तेव्हा व्हाइट सॉक्सचा बॅटर प्लेटपाशी उभा होता. चेंडू आला. बॅटरने बॅट खांद्यावरून हलवली नाही.